शरीफ सर्व्हर

तुझ्याकडे एवढे किस्से कुठून येतात, असं मला लोक विचारतात. त्यात माझं काही कर्तृत्व नाही. ज्याच्या टेबलावर तक्रारींचा फोन असतो त्याच्याकडे किस्से आपोआप साठतात, माळ्यावर रिकाम्या बरण्या साठतात तसे. आपण जमवत नसतो, फक्त टाकून देत नाही. परवा ऑफिसची जुनी मंडळी आमच्याकडे जेवायला होती. वाढून झालं तरी कोणी ताटाला हात लावेना, कारण सबनीसचा विषय निघाला होता. तेव्हाच ठरवलं, हे किस्से एकदा ओळीने सांगून टाकायचे.

दोन हजार साल उलटून गेलं होतं, आणि आमच्या मीरा रोड-भाईंदरला टीव्हीच्या केबलमागोमाग इंटरनेटची वायरही घरात शिरायला लागली होती. भाईंदरच्या जेसल पार्कमधल्या अशाच एका कंपनीत मी फोनवर बसायचे. मालक मोरेश्वर म्हात्रे, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. घराणं इथलंच, वडिलांची मिठागरं होती. शेठनी आधी केबल टीव्ही टाकला, मग नेट.

ऑफिस म्हणजे पूर्वीचं साड्यांचं दुकान. शेठनी भिंतीवरचे आरसे काढलेच नाहीत. त्याचा फायदा असा, की तावातावाने आलेला ग्राहक बोलता बोलता आरशात बघून केस सारखे करायचा आणि अर्धा राग तिथेच उतरायचा. साड्या नेसून बघायची जी छोटी खोली होती, तिथे आमचे दोन सर्व्हर. दाराला तोच जुना मोरांचा पडदा. 'सर्व्हर रूम कुठाय?' असं कोणी विचारलं की आम्ही पडद्याकडे बोट दाखवायचो आणि माणूस संकोचाने मान वळवायचा.

गच्च्यांवर चढून वायरी टाकायला फ्रान्सिस, उत्तनचा. आणि सर्व्हर सांभाळायला श्रीकांत सबनीस.

* * *

सबनीस गिरगावातून मीरा रोडला राहायला आलेला. हुशार, अबोल, आणि सभ्य. इतका सभ्य की शेअर रिक्षाच्या रांगेत कोणी मध्ये घुसलं तर हा एक पाऊल मागे सरकायचा, घुसणाऱ्याला नीट उभं राहता यावं म्हणून.

नोकरी करता करता तो एम.ई. करत होता. प्रबंधाचा विषय त्याने एकदा मला समजावला आणि तो मला समजला, हे आमच्या दोघांचंही यशच म्हणायचं. नेटवरून जे काही येतं ते छोट्या छोट्या पुडक्यांतून येतं. पुडकं पोचलं की पाठवणाऱ्याकडे पोच येते. सगळीकडे चालू असलेली पद्धत अशी, की दणादण पाठवत सुटायचं. वाटेत गर्दी होऊन पुडकी गळायला लागली की मग वेग कमी करायचा. सबनीस म्हणायचा, गळेपर्यंत थांबायचं कशाला? पोच यायला नेहमीपेक्षा वेळ लागायला लागला, म्हणजे पुढे रांग लागली आहे. तेव्हाच हात आखडता घ्यावा. गर्दी व्हायच्या आधीच गर्दी टाळायची. ही पद्धत त्याने शोधली नव्हती, ती होतीच. पण तिच्यात खोडी होत्या, आणि त्या काढायचं याने मनावर घेतलं होतं.

त्याच्या मार्गदर्शक देवधर मॅडमनी बजावलं होतं, की नुसतं कॉम्प्युटरवरचं चित्र चालणार नाही, खऱ्या नेटवर्कवर करून दाखवा. त्यात मुदत एकदा वाढवून झालेली. आता झालं नाही तर नाव रद्द, इतक्या वर्षांचा अभ्यास पाण्यात. म्हणून सबनीस शेठसमोर उभा राहिला.

शेठनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "म्हंजे सध्या जे मशीन हाय, ते धक्के मारत चालतं?"

"हो शेठ."

"नि तुजं मशीन धक्का न्हाय मारनार?"

"नाही."

शेठनी थोडा विचार केला. "एका मशीनवर कर. दुसऱ्याला हात लावू नको. धंद्यात एक तरी धक्का मारनारा पायजे."

* * *

आता ही वाक्यं बोलून शेठ चहा प्यायला गेले, पण पुढे नेमकं तेच आडवं आलं.

आमच्या गच्चीवरून मीरा रोडच्या एका बिल्डिंगच्या गच्चीकडे तोंड करून अँटेनाची एक तबकडी होती. मीरा रोडच्या सगळ्या ग्राहकांचं नेट त्या एका वाटेने जायचं. अर्ध्या बिल्डिंगा जुन्या सर्व्हरवर, अर्ध्या सबनीसच्या नव्या पद्धतीवर. चालू केल्यावर पहिला फोन जयंतीलालभाईंचा. हे मीरा रोडचे, हौसेने नेट घेतलेले, रिटायर झाल्यामुळे दिवसभर घरी.

"बेन, आज चालतूज नथी. बिलकुल ठंडा है."

मी सबनीसला सांगितलं. तो पडद्याआड जाऊन बघून आला. "ताई, बरोबर चाललंय. वाटेत गर्दी दिसते म्हणून माझा सर्व्हर हळू पाठवतोय."

"आणि जुना सर्व्हर?"

"तो जोरात पाठवतोय. माझ्याने जागा मोकळी केली ना, ती त्याने घेतली."

"मग तुझा काय करतोय?"

"गर्दी वाढली म्हणून अजून हळू करतोय."

संध्याकाळपर्यंत नव्या सर्व्हरचे ग्राहक एकेका फोटोकडे टक लावून बसले आणि जुन्यावरचे गाणी उतरवून घेत राहिले. जयंतीलालभाई शेवटी रिक्षा करून ऑफिसला आले. आरशात बघून टोपी नीट केली, मग सबनीसकडून सगळं समजून घेतलं आणि म्हणाले, "समझा. आपका सर्व्हर शरीफ है."

सबनीसला बरं वाटलं. तो थँक्यू म्हणाला.

"मेरे को दूसरेवाला दो," जयंतीलालभाई म्हणाले.

ही त्याने दूर केलेली पहिली खोड. शेजारचा दांडगाई करतोय असं दिसलं, तर आपणही तेवढ्यापुरतं थोडं पुढे सरकायचं, आणि तो गेला की पुन्हा सभ्य व्हायचं. ते लिहायला सबनीसला बरेच आठवडे लागले. तो म्हणायचा, गणित सोपं आहे ताई, पण लिहिताना वाईट वाटतं.

* * *

मग तबकडीचा खांब गंजला. तो बदलायचा म्हणून फ्रान्सिसने तात्पुरतं मीरा रोडचं नेट दुसऱ्या एका केबलवाल्याच्या वायरीतून फिरवलं. ती वाट लांबून वळसा घेऊन जायची, पण भलतीच रुंद होती. आम्ही म्हटलं, चला, निदान खांब होईपर्यंत ग्राहक खूष.

कसले खूष? सबनीसचे सगळे ग्राहक ठप्प.

शेठ स्वतः पडद्याआड गेले. वायर किती भरली आहे ते दाखवणारा एक आलेख स्क्रीनवर असायचा. तो जमिनीला टेकला होता.

"सबनीस, रस्ता मोकळा हाय ना?"

"हो शेठ, पूर्ण मोकळा."

"गाडी चालू हाय?"

"चालू आहे."

"मंग ती उबी का हाय?"

सबनीस म्हणाला, "शेठ, पूर्वी पोच लवकर यायची. आता वाट लांबची आहे म्हणून उशिरा येते. त्याला वाटतंय पुढे गर्दी आहे."

"मंग तो काय करतोय?"

"वाट बघतोय."

"कोनाची?"

"गर्दी कमी व्हायची."

शेठ पडद्याबाहेर आले, खुर्चीवर बसले. मग मला म्हणाले, "ज्योती, गर्दी न्हाय ती कमी कवा व्हनार?"

सबनीसने त्यात सुधारणा केली, की ठरावीक काळाने जुनी वेळ विसरायची आणि नव्याने मोजायची. पण आमच्या ऑफिसात तेव्हापासून एक म्हण पडली. कोणी उगाच घुटमळत असलं, की फ्रान्सिस लांबूनच ओरडायचा, "चल बाबा, रस्ता मोकळा हाय."

* * *

त्याच सुमारास मी सबनीसला एक स्थळ सुचवलं. आमच्याच बिल्डिंगमधली वृषाली, बँकेत होती. वडील महापालिकेतून रिटायर झालेले. सबनीसचे आईवडील आणि मी, असे आम्ही पोहे खायला गेलो.

वडिलांनी विचारलं, "काम नेमकं काय असतं?"

सबनीस म्हणाला, "कंजेशन कंट्रोल. गर्दी झाली की कोणी थांबायचं आणि कोणी जायचं, ते ठरवायचं."

वडिलांचा चेहरा उजळला. "काशीमिरा नाक्यावर असता का?"

मी मध्ये पडून सांगितलं, की पोलीस नाही, कॉम्प्युटरमध्ये. ते जरा हिरमुसले. मुलीने मात्र बरंच काही विचारलं, आणि सबनीस इतकं बोलला की त्याची आईच त्याच्याकडे बघत राहिली. निघताना ठरलं, की कळवू.

कळवू कोणी म्हटलं, हे कोणाच्या लक्षात राहिलं नाही. आठवडे गेले. मी सबनीसला विचारलं, "फोन केलास का?"

"नाही ताई. तिकडून उत्तर यायला वेळ लागतोय."

"मग?"

"म्हणजे त्यांच्याकडे इतर स्थळं असणार. आधीच गर्दी असेल तर आपण आणखी फोन करून त्रास कशाला द्यायचा? मी थोडं अंतर वाढवलंय."

मी कपाळाला हात लावला. त्याच संध्याकाळी जिन्यात वृषालीची आई भेटली. म्हणाली, "तुमच्या मुलाकडून काहीच नाही हो. आमची वृषाली दोन ठिकाणी नाही म्हणून बसली आहे. मुलाकडच्यांनी आधी बोलायचं असतं ना?"

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी सगळ्यांसमोर सांगितलं. फ्रान्सिस शिडी खांद्यावर घेऊन निघाला होता. त्याने शिडी खाली ठेवली, फोनचा रिसीव्हर उचलून सबनीसच्या हातात दिला आणि म्हणाला, "रस्ता मोकळा हाय."

सबनीसने नंबर फिरवला. पलीकडून वृषालीनेच उचलला असावा, कारण हा इकडे 'नमस्कार' म्हणून थांबला तो थांबलाच. मग हळूच म्हणाला, "नाही, मला वाटलं तुम्ही बिझी आहात." पुढचं आम्ही ऐकलं नाही. शेठनी सगळ्यांना बाहेर चहाला नेलं. लग्न दिवाळीनंतर झालं आणि जयंतीलालभाई आहेर घेऊन आले होते.

* * *

जयंतीलालभाईंवरून आठवलं. सबनीसने ती 'जुनं विसरून नव्याने मोजायचं' अशी सुधारणा केली ना, तिच्यातून एक नवीच खोड निघाली. ती सबनीसच्या आधी जयंतीलालभाईंना सापडली, कारण त्यांना तेवढा वेळ होता.

व्हायचं असं, की संध्याकाळी सगळे नेटवर असताना एखाद्याचं कनेक्शन तुटलं आणि परत जोडलं गेलं, की त्याचं मोजमाप भर गर्दीत व्हायचं. त्याला रांग लागलेलीच अवस्था नेहमीची वाटायची. त्यामुळे तो बिनधास्त पुढे जायचा. आणि सकाळपासून जोडलेले जुने ग्राहक, ज्यांना मोकळा रस्ता ठाऊक होता, ते बिचारे गर्दी झाली म्हणून मागे सरायचे. थोडक्यात, उशिरा आलेल्याला जास्त जागा.

जयंतीलालभाईंनी एवढंच पाहिलं, की बंद करून चालू केलं की नेट जोरात येतं. त्यांनी ते शेजाऱ्याला सांगितलं. शेजाऱ्याने मजल्याला सांगितलं. मजल्याने भजनी मंडळाला. मग एका संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगने एकदम बंद करून एकदम चालू केलं. कोणालाच फायदा झाला नाही, म्हणून परत बंद, परत चालू. कोणी मोडेम, कोणी बोर्डाचं बटण, कोणी सरळ मेन स्विच. समोरच्या बिल्डिंगच्या सेक्रेटरींनी खिडकीतून घराघरांतले दिवे लुकलुकताना पाहिले आणि आमच्याकडे फोन करून विचारलं, आज कसला सण आहे.

सबनीसला हे कळल्यावर तो रागावला नाही, आनंदला. म्हणाला, "ताई, हे परदेशी लोकांच्या पेपरात वाचलं होतं. आपल्याकडे खरंच झालं."

त्याने उपाय काढला तो असा, की मधूनमधून सर्व्हरने क्षणभर सगळ्यांनाच थांबवायचं. रांग ओसरू द्यायची, मोकळा रस्ता मोजून घ्यायचा आणि मग पुन्हा सुरू. ग्राहकाला कळणारसुद्धा नाही इतका छोटा क्षण. त्यानंतर बंद-चालू करून काही मिळेना.

जयंतीलालभाईंचा फोन आला. आवाज एकदम खाली आणलेला. "बेन, ये जो ट्रिक था, वो सबका बंद कर दिया, अच्छा किया. सब लोग मिसयूज करते थे."

"हो ना, भाई."

"मेरा चालू कर दो."

* * *

घड्याळांचं प्रकरण त्याच्या पुढचं.

ग्राहकांपैकी एकांच्या घरी लग्न झालं आणि त्यांनी सगळे फोटो अमेरिकेतल्या मुलाला पाठवायला घेतले. फोटो त्यांच्या घरून आमच्या सर्व्हरकडे निघाले, त्यामुळे परतीची वाट भरली. आणि पोच यायची ती त्याच परतीच्या वाटेने. पोचेला उशीर झाल्यावर सबनीसचा सर्व्हर आपला पुढची वाटच भरली समजून गप्प. एका लग्नात अख्खी लाइन सुतकात.

सबनीसने ठरवलं, जाण्याचा वेळ वेगळा मोजायचा. पुडकं ग्राहकाकडे कधी पोचलं, हे ग्राहकाच्याच कॉम्प्युटरने सांगायचं. त्यासाठी त्याने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. पण मग ग्राहकाच्या कॉम्प्युटरमधलं घड्याळ बरोबर हवं. म्हणून फ्रान्सिसला पाठवलं घरोघर, घड्याळं लावायला.

लिफ्ट नेमक्या बंद. फ्रान्सिस दुपारभर चढत-उतरत होता. कोणाचं घड्याळ मागच्या वर्षात, कोणाचं मध्यरात्र धरून बसलेलं. एका घरी कॉम्प्युटरचं घड्याळ बरंच पुढे होतं. फ्रान्सिसने माउसला हात लावला, तेवढ्यात घरातल्या काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या.

"त्याला हात लावायचा नाही. भिंतीवरचं पण पुढे आहे, हे पण पुढे आहे. तेव्हा कुठे आमचे हे सकाळी वेळेवर निघतात."

"काकू, मग नेट स्लो चालेल."

"चालू दे. नेट स्लो झालं तर मला त्रास नाही. हे स्लो झाले तर डबा मला द्यायला जावं लागतं."

फ्रान्सिस परत आला, घामाने निथळत. म्हणाला, एक घर सोडून सगळी लावली. सबनीस कागदावर काहीतरी मांडत बसला होता. मान वर करून, चेहऱ्यावर मोठा आनंद, म्हणाला, "फ्रान्सिस, बरं झालं आलास. माझ्या लक्षात आलं. घड्याळ बरोबर असायची गरजच नाही. चुकीचं असलं तरी चालतं, फक्त त्याची चूक तेवढीच राहायला हवी. आपल्याला वेळ नकोच आहे, वेळेतला बदल हवाय."

फ्रान्सिसने पाण्याची बाटली तोंडाला लावली, सगळी संपवली, तोंड पुसलं.

"सबनीस," तो म्हणाला, "शरीफ मानसावर हात टाकू नये असं आमचे फादर सांगतात. म्हनून तू वाचलास."

* * *

आता शेवटचा. हा जेवणाच्या वेळी मी सगळ्यात शेवटी ठेवला होता आणि इथेही ठेवते. सबनीस एम.ई. झाला, हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे ऐकताना जीव टांगणीला लागायला नको. आमचा लागला होता.

तोंडी परीक्षेचा दिवस. कॉलेज ठाण्याच्या बाजूला, घोडबंदर रोडवर. मुदतीचा अगदी शेवटचा दिवस. बाहेरचे परीक्षक गुजरातहून गाडीने येणार होते आणि संध्याकाळी पुढे जाणार होते. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

शेठ म्हणाले, पोरगा रिक्षाने न्हाय जानार. त्यांनी जीप काढली. पुढे शेठ आणि मी, मागे सबनीस आणि फ्रान्सिस, आणि फ्रान्सिसच्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला सर्व्हर. खरं काम करणारं यंत्रच दाखवायचं, असं शेठनी ठरवलं होतं. सबनीसने शर्ट नवा घातला होता आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होता. वेळ हाताशी ठेवून निघालो, तरी वरसाव्याला पोचलो आणि संपलो. खाडीपुलावर एक ट्रेलर बंद पडला होता. हायवे, घोडबंदर रोड, सगळं एकात एक अडकलेलं. पुढे जायला जागा नाही, मागे वळायला नाही. ड्रायव्हर लोक गाड्यांतून उतरून वर्तमानपत्रं वाचत होते.

घड्याळ पुढे चाललं होतं. सबनीसचे कान लाल झाले होते. मी देवधर मॅडमना मोबाइल लावला.

मॅडम म्हणाल्या, "परीक्षकही आलेले नाहीत. तेही कुठेतरी अडकलेत. पुलाजवळ, वरसावे का काहीतरी म्हणाले."

मी शेठना सांगितलं. शेठनी जीपचं इंजिन बंद केलं. "वरसाव्याला? मंग आपल्याच घरी आले की."

त्यांची मावसबहीण तिथेच गावात राहायची, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. शेठ उतरले आणि गाड्यांच्या रांगेतून चालत निघाले. प्रत्येक गाडीच्या काचेवर टकटक करून विचारायचे, "परीक्षक तुमी का?" एका टेम्पोवाल्याने हो म्हटलं, त्याला वाटलं काहीतरी मिळणार आहे. शेवटी पुलाच्या तोंडाशी एका पांढऱ्या गाडीत एक गंभीर गृहस्थ सापडले, डोळ्यांवर चष्मा, मांडीवर सबनीसचा प्रबंध. मराठी चांगलं होतं त्यांचं, बडोद्याचं. शेठनी काय सांगितलं देव जाणे, पण ते प्रबंध काखेत घेऊन शेठच्या मागोमाग चालत आले.

मावसबहिणीने ओटीवर चटई घातली. परीक्षकांना खुर्ची दिली. सर्व्हर एका पाटावर ठेवून आतल्या बोर्डाला जोडला. माझा मोबाइल स्पीकरवर करून तांब्याला टेकवून उभा केला, त्यातून देवधर मॅडम. घरातली कोंबडी दोनदा हाकलावी लागली. आणि परीक्षा सुरू झाली.

सबनीस सुरुवातीला अडखळला. मग दांडगा शेजारी आला, लांबची वाट आली, उशिरा आलेला पुढे जातो ते आलं, घड्याळं आली, आणि त्याचा आवाज सुटला. परीक्षक मध्येमध्ये विचारत होते, हा उत्तर देत होता. तांब्यातून मॅडम 'करेक्ट, करेक्ट' म्हणत होत्या. शेठ खांबाला टेकून उभे, ओठ घट्ट मिटलेले, जणू त्यांचाच निकाल लागणार होता. फ्रान्सिसने खिशातली जपमाळ बाहेर काढली होती.

परीक्षकांनी प्रबंध मिटला. चहा घेतला. ओटीवरून हायवे दिसत होता, क्षितिजापर्यंत नुसते टप आणि काचा. एकही चाक हलत नव्हतं. ते बराच वेळ तिकडे बघत राहिले.

"मिस्टर सबनीस, एक शेवटचा प्रश्न," ते म्हणाले. "समोर बघा. ही सगळी वाहनं तुमच्या पद्धतीने चालत असती, तर आत्ता आपण कुठे असतो?"

सबनीसने समोर पाहिलं. नेहमीप्रमाणे वेळ घेतला.

"सर," तो म्हणाला, "तुम्ही अजून बडोद्यात. मी अजून मीरा रोडला."